फिल्टर अडकलाय? आधी पक्कड खाली ठेवा!

कॅमेऱ्याच्या लेन्सवर चढवलेले दोन फिल्टर एकमेकांत अडकले की चांगली शहाणी माणसंही पक्कड, चमचा, दात, जे हाताला लागेल त्याने सुरुवात करतात. मशीन डिझाईनमध्ये फुल मार्क्स घेतलेलेसुद्धा! खरं तर या भानगडीचं उत्तर आपल्याच सिलॅबसमध्ये आहे, म्हणून म्हटलं यंदा कविता न देता हेच लिहावं.

आधी फिल्टर म्हणजे काय ते थोडक्यात. धातूच्या बारीक कड्यात बसवलेली काच. कड्याच्या मागे बाहेरून आटे, पुढे आतून आटे, म्हणून एकावर एक कितीही चढवता येतात. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ‘थ्रेड’ला मराठीत ‘आटे’ म्हणतात हे मला फर्स्ट इयरला वर्कशॉपच्या मामांनी शिकवलं. तोवर आटे म्हणजे मला गव्हाच्या पिठाचे प्रकार वाटायचे.) लेन्स जपायला यूव्ही फिल्टर कायम लावलेला असतो, आणि त्याच्यावर आकाश गडद करायला किंवा पाण्यावरची चमक घालवायला सीपीएल, म्हणजे सर्क्युलर पोलरायझर. अडकते ती बहुतेक वेळा हीच जोडी.

आता गणित. ७७ मिमी फिल्टरच्या आट्यांचा पिच सहसा ०.७५ मिमी असतो. म्हणजे एका फेऱ्यात, साधारण २४२ मिमीच्या परिघावर, फिल्टर पाऊण मिलिमीटर पुढे सरकतो. लीड अँगल निघतो जेमतेम ०.१८ अंश. एवढ्या मंद चढावर घर्षण नेहमीच जिंकणार, त्यामुळे हा स्क्रू पक्का सेल्फ-लॉकिंग. ते एका अर्थी बरंच, नाहीतर चालता चालता फिल्टर गळून पडले असते. पण त्याच सूत्रात दुसरीही गोष्ट आहे. चढ इतका कमी असताना घट्ट करायला आणि सैल करायला लागणारा टॉर्क जवळजवळ सारखाच येतो. मग बोटांनी घट्ट झालेला फिल्टर बोटांनी निघत का नाही?

एक कारण कचरा. आट्यांत वाळूचा कण गेला, किंवा समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमवर पांढरा थर धरला, की घर्षण वाढतं. पण मोठं कारण आपली बोटंच! कडं पातळ असतं. दोन बोटांत समोरासमोर दाबलं की ते किंचित लंबगोल होतं, आणि जिथे फुगतं तिथे आटे आणखी रुतून बसतात. जितका जोर जास्त, तितकं जास्त रुतणार. पक्कड हेच काम शंभरपट करते आणि वर कडं कायमचं वाकडं करून ठेवते. दुसरं म्हणजे धरायला जागाच नसते. दोन कडी एकमेकांना चिकटून असली की चिमटीत दोन्ही सापडतात आणि दोन्ही मिळून मजेत फिरतात. सीपीएलची तर वेगळीच तऱ्हा. त्याचं पुढचं कडं मुळात मोकळं फिरण्यासाठीच बनवलेलं. ते कितीही फिरवा, आट्यांना पत्ताच लागत नाही. धरायचं असतं मागचं कडं, आणि ते असतं फार तर दोन-तीन मिलिमीटर रुंद.

माझ्या मैत्रिणीचा दादा लग्नाचे फोटो काढतो. मागच्या डिसेंबरात तो आमच्या कॉलेजवर आला तो तोंड उतरवूनच. दिवसभर समुद्रकिनाऱ्यावर एका जोडप्याचं शूटिंग करून आला होता, सीपीएल यूव्हीवर अडकलेला, यूव्ही लेन्सवर अडकलेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयात मुहूर्त. सीपीएल दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे आत येणारा उजेड तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यात वाइड लेन्सवर दोन फिल्टर असले की फोटोचे कोपरे काळे. स्टेजवरच्या ग्रुप फोटोत कोपऱ्यात उभ्या असलेल्या आत्याबाई दिसल्या नाहीत तर काय होतं, हे मी सांगायला नको. दुसरी लेन्स भाड्याने आणायची म्हटली तर सुपारीतली निम्मी कमाई गेली असती.

वर्कशॉपचे मामा म्हणाले, “आण इकडं.” त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची अगदी अरुंद पट्टी कापली, सीपीएलच्या फक्त मागच्या कड्याभोवती गुंडाळली आणि टोक ओढलं. दादाने लेन्सची पुढची बाजू धरलेली. (बॉडी धरायची नाही बरं का, नाहीतर सगळा जोर झूमच्या नाजूक भागांवर जातो.) दोन झटक्यांत सीपीएल निघाला! यूव्ही तसाच राहिला, पण त्याने काही बिघडत नव्हतं.

जादू वगैरे काही नाही, हा आपला बेल्ट ड्राईव्ह आहे. पट्ट्याच्या दोन बाजूंच्या ताणांचं गुणोत्तर म्हणजे ई चा म्यू-थीटा घात. म्यू ०.५ धरा आणि एक पूर्ण वेढा घ्या, उत्तर येतं साधारण २३. शिवाय दाब दोनच ठिकाणी न पडता सगळ्या परिघावर पसरतो, म्हणून कडं जवळजवळ गोलच राहतं. वेढा मात्र असा घ्या की ओढल्यावर तो आवळला जाईल. रुंद रबर बँडही चालतो. बाजारात प्लास्टिकचे फिल्टर पान्हे जोडीने मिळतात, तेही कड्याला चहूबाजूंनी धरतात, आणि महाग नसतात. दोन साधे फिल्टर लेन्सवरून जोडीनेच निघून आले असतील तर ते दोन माऊस पॅडच्या मध्ये ठेवून हलक्या तळहाताने फिरवा. सीपीएलला हा उपाय नको, कारण पॅड त्याचं तेच मोकळं कडं पकडतो.

दिशेचा गोंधळ खूप जण करतात. जे कडं तुमच्याकडे तोंड करून आहे ते डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट. जोडी उलटी धरली तरी नियम हाच.

आता क्लबातला जुना वाद: फ्रीजमध्ये ठेवायचं की उन्हात? दोन्ही कडी ॲल्युमिनियमची असतील तर कशानेच फारसं होत नाही, दोन्ही बरोबरच आकसतात नि फुगतात. एक पितळी असेल तरच गंमत. ॲल्युमिनियम पितळेपेक्षा जास्त प्रसरण पावतं (दर अंशाला दशलक्षात साधारण २३ विरुद्ध १९). आत पितळ आणि बाहेर ॲल्युमिनियम असेल तर कोमट करा, उलट असेल तर गार करा. ७७ मिमीला २५ अंशांच्या फरकात मिळतात फक्त ८ मायक्रॉन, त्यामुळे फार आशा ठेवू नका. फ्रीजमध्ये ठेवलंच तर पिशवीत बंद करून, नाहीतर काचेवर दव धरतं. आणि सीपीएलला उकळतं पाणी अजिबात नाही. त्याच्या दोन काचांमध्ये पोलरायझरची फिल्म चिकटवलेली असते, ती उष्णतेने बिघडते. वंगणाचा स्प्रेही नको, तो आट्यांतून झिरपून काचेवर पसरतो.

काही जण आट्यांवर शिसपेन्सिल फिरवतात. ग्रॅफाईट चांगलं वंगण आहे, पुण्या-नाशकात चालेल. कोकणात मी फिरवणार नाही. खारा दमटपणा, ॲल्युमिनियम आणि ग्रॅफाईट एकत्र आले की छोटासा सेल तयार होतो आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियमच. त्यापेक्षा जुना टूथब्रश बॅगेत ठेवा आणि किनाऱ्यावरून आल्या आल्या आटे झाडा.