आधी ब्रेक ऑइल, मग बाकीचं

गाडी ट्रॅकवर न्यायची ठरली की ओळखीचे लोक हमखास विचारतात, "मोठ्या डिस्क बसवल्या का?" मी नाही बसवल्या. माझी पोलो रोज चिंचवडहून चाकणला कामावर जाते, पावसाळ्यात ताम्हिणी उतरते आणि सुट्टी जमली की कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर धावते. पुढे डिस्क, मागे ड्रम, कंपनीने दिले तेच. तरीही ब्रेकवर मी इंजिनापेक्षा जास्त खर्च केला आहे, आणि तो कशावर केला हे सांगण्यासारखं आहे.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. फी भरायची, हेल्मेट घालायचं आणि आपलीच गाडी बंद सर्किटवर ठरलेला वेळ मनसोक्त चालवायची. कारीचा ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा आहे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. बुद्धवर तिसऱ्या वळणानंतर किलोमीटरभर सरळ रस्ता मिळतो आणि त्याच्या टोकाला वेग एकदम खाली आणावा लागतो. ब्रेकची खरी परीक्षा तिथे होते.

माणसासकट १,२०० किलोची गाडी ताशी १५० वरून ६० वर आणायची तर सुमारे ८७५ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. जवळपास पावणेतीन लिटर गार पाणी उकळीला आणेल एवढी ही उष्णता, आणि ती तीन-चार सेकंदांत तयार होते. तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो, कारण ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं. शहरात आपण ५०-६० च्या वेगात असतो. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, त्यामुळे सिग्नलला उत्तम लागणारे ब्रेक ट्रॅकवर काही फेऱ्यांतच दमतात. डिस्क गार व्हायच्या आत पुढचं वळण येतं.

एक गैरसमज इथेच दूर करते. पूर्ण दाबल्यावर एबीएस कामाला लागत असेल, तर चाक जॅम करण्याइतकी ताकद तुमच्या ब्रेकमध्ये आहेच. त्यापुढे गाडी किती अंतरात थांबेल, हे टायर ठरवतात. मोठ्या डिस्कने एका वेळचं थांबण्याचं अंतर कमी होत नाही. मोठी डिस्क जास्त उष्णता पोटात घेते आणि दहाव्या वेळेलाही पहिल्यासारखी लागते, एवढाच तिचा फायदा.

तापलेले ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात आणि फरक पायाला कळतो. पेडल घट्ट आहे, जोर लावतोय, पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापले. पेडल मऊ लागतंय, खाली खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळलं. दुसरी तऱ्हा जास्त भीतीदायक. ऑइल दाबलं जात नाही म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पाय फक्त वाफ दाबत राहतो.

नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकायला हवं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८०. ट्रॅकसाठीची खास डॉट ४ ऑइलं ताजी असताना ३०० च्याही पुढे जातात, मात्र ती लवकर बदलावी लागतात. डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळंच ऑइल आहे. नावावरून फसून ते ओतू नका.

ऑइल बदलताना मी गॅरेजमध्ये थांबतेच. मिस्त्री चाकापाशी बसतात, मी पेडलवर. आधी मागचं डावं चाक, कारण ते मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब. निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. "ताई, दाबा. धरून ठेवा." पाना अर्धा वळसा फिरतो, पेडल पायाखालून निसटत तळाला जातं, नळीतून तपकिरी ऑइल येतं, मधूनच एखादा बुडबुडा. निप्पल आवळल्यावरच ते म्हणतात, "आता सोडा." आधी सोडलं तर हवा परत आत ओढली जाते. नळीतून पिवळसर, स्वच्छ ऑइल येईपर्यंत हे चालतं. वरच्या डबीतली पातळी मध्ये मध्ये भरावी लागते, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

दुसरा खर्च पॅडचा, आणि इथे मोह आवरायला हवा. निव्वळ शर्यतीचे पॅड तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत. सकाळी सोसायटीच्या गेटातून बाहेर पडताना समोर शाळेचं पोर आलं, तर पहिलाच ब्रेक लागायला हवा. म्हणून रोजच्या गाडीला गार असतानाही पकडणारे, पण कंपनीच्या पॅडपेक्षा जास्त उष्णता सोसणारे मधले पॅड घ्यावेत. ते थोडे कुरकुरतात आणि चाकांवर काळी भुकटी बसते. नवे पॅड रिकाम्या रस्त्यावर ८० वरून २०-३० पर्यंत, पूर्ण न थांबता, काही वेळा दाबून मुरवावे आणि मग गार होऊ द्यावेत.

बाकीचं थोडक्यात. स्टीलच्या जाळीचे होज पेडल कडक करतात, उष्णता कमी करत नाहीत. भोकं पाडलेल्या डिस्क दिसतात छान, पण ट्रॅकवर भोकांपाशी तडे जातात, साध्या बऱ्या. मोठं कॅलिपर बसवलं तर रिम बदलावे लागू शकतात आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडू शकतो. ताजं ऑइल आणि चांगले पॅड असूनही ब्रेक दमत असतील, तरच तिकडे वळावं. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक गार करावेत, आणि उभं करताना हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला ठोकळा लावावा. विम्याची अटही वाचा. शर्यत आणि वेगचाचणी सहसा त्यातून वगळलेली असते.

तुम्ही कधीच ट्रॅकवर जाणार नसाल, तरी खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणार आहातच. तिथे खालच्या गिअरमध्ये उतरा, पाय सतत ब्रेकवर ठेवू नका. आणि सर्व्हिसिंगची जुनी बिलं काढून ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते बघा. दोन वर्षं उलटली असतील, तर पुढच्या घाटाआधी बदलून घ्या.