चमचाभर जिऱ्यातला लोहमार्ग

मसाल्याच्या डब्यात जिऱ्याची वाटी असते. त्या वाटीत दाणे किती असतील? हजार? पाच हजार? जिऱ्याचा एक दाणा भरतो साधारण ४ मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमला २५० दाणे. म्हणजे वाण्याकडून आणलेल्या १०० ग्रॅमच्या पुडीत २५,००० दाणे! आणि डार्क चॉकलेटची १०० ग्रॅमची वडी? ७० ते ८५ टक्के कोको असलेली, कडसर, चकचकीत वेष्टनातली? तिला कोकोच्या ऐंशी-नव्वद बिया पुरतात. दोन-अडीच फळे फोडली की काम झाले. एका बाजूला पंचवीस हजार दाणे, दुसऱ्या बाजूला नव्वद बिया, आणि तराजूचा काटा मध्यावर. आता बघू कोणात काय दडले आहे.

त्याआधी दाण्यांची थोडी मजा घेऊ. एक दाणा साधारण ५ मिलिमीटर लांब. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुणे स्टेशन लोहमार्गाने १९२ किलोमीटर. दाण्याला दाणा लावत निघालो, तर पुण्याला पोहोचेपर्यंत ३ कोटी ८४ लाख दाणे लागतील. सेकंदाला एक या वेगाने, झोप नाही, जेवण नाही, नुसते मांडत बसले तरी ४४४ दिवस जातील. आणि या सगळ्या जिऱ्याचे वजन? १५४ किलो. पन्नास किलोची तीन पोती आणि वर चार किलो! मुंबई ते पुणे, आख्खा बोरघाट धरून, तीन पोत्यांत. हेच अंतर चॉकलेटच्या वड्यांनी भरायचे, तर वडी १६ सेंटिमीटर लांब धरली तरी १२ लाख वड्या हव्यात. त्यांचे वजन १२० टन, म्हणजे मालगाडीच्या दोन भरगच्च वाघिणी. जिरे ४०० रुपये किलो आणि वडी २०० रुपयांना धरली, तर जिऱ्याची रांग साधारण ६१,००० रुपयांत पुण्याला पोहोचते. चॉकलेटच्या रांगेला २४ कोटी मोजावे लागतात.

पण लांबी ही तर नुसती सलामी. खरा सामना पोषणाचा आहे.

पुढचे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यांतले आहेत, दोन्हीकडे १०० ग्रॅमसाठी. प्रथिने: चॉकलेटमध्ये पावणेआठ ग्रॅम, जिऱ्यात जवळजवळ अठरा. दुपटीहून जास्त! मॅग्नेशियम: चॉकलेटमध्ये २२८ मिलिग्रॅम, आणि त्याची तर जगभर वाहवा होते. जिऱ्यात ३६६. पोटॅशियम: ७१५ विरुद्ध १,७८८. कॅल्शियम: चॉकलेटमध्ये ७३ मिलिग्रॅम, जिऱ्यात ९३१! पावणेतेरा पट. पाऊण लिटर दुधात जेवढे कॅल्शियम असते, साधारण तेवढे त्या एका पुडीत बसले आहे. तंतुमय भागात मात्र दोघे खांद्याला खांदा लावून उभे आहेत, साडेदहा ग्रॅमच्या आसपास. तांब्यात चॉकलेट सरळ जिंकते, जिऱ्याच्या दुप्पट. आणि उत्साह आणणाऱ्या थिओब्रोमिनमध्ये जिरे मैदानातच उतरत नाही. चॉकलेटच्या वडीत ते ८०० मिलिग्रॅम असते, शिवाय कपभर कॉफीइतके कॅफिन वेगळे.

उष्मांकात तर चॉकलेटचा हात धरणे कठीण. १०० ग्रॅमला ५९८ किलोकॅलरी! त्यात ४२ ग्रॅमहून जास्त स्निग्धांश आणि वर सहा चमचे साखर. एवढी उष्णता एक बादली पाण्याला, चांगल्या १५ लिटरच्या बादलीला, २५ अंशांवरून ६५ अंशांवर नेते. विसण घातल्याशिवाय आंघोळ करता येणार नाही इतके कढत! जिऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये ३७५ किलोकॅलरी. तीच बादली ५० अंशांपर्यंत जाईल. आता वर चढू. वडीतली सगळी ऊर्जा, एक थेंबही वाया न जाता, ६० किलोच्या माणसाला उचलण्यात घातली, तर तो सव्वाचार किलोमीटर उंच जाईल. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. एकावर एक अडीच कळसूबाई, एका वडीच्या जोरावर!

हा खेळ आपण सगळे मिळून खेळू. देशात १४० कोटी माणसे धरू. प्रत्येकाने चॉकलेटचा एकच तुकडा, १० ग्रॅमचा, तोंडात टाकला. एका तुकड्यात ६० किलोकॅलरी. सगळ्यांची बेरीज विजेच्या हिशोबात मांडली, तर होतात पावणेदहा कोटी युनिट. कोयना जलविद्युत प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. सगळी जनित्रे पूर्ण जोरात, न थांबता, दोन दिवस आणि दोन रात्री चालवली, तरी या एका तुकड्याची बरोबरी व्हायला आणखी दीड-दोन तास कमीच पडतील. एक तुकडा! तोंडात विरघळायला मिनिट लागत नाही.

आता जिऱ्याकडे वळू, आणि तेही ताटात खरोखर येते त्या मापाने. १०० ग्रॅम जिरे कोणी एका बैठकीत खात नाही. पोह्यांची फोडणी, जिरेभात, ताकावर भुरभुरलेली भाजक्या जिऱ्याची पूड, अशी वाट असते त्याची. म्हणून बरोबरी चमच्याची आणि तुकड्याची करायला हवी, आणि मला हीच बरोबरी सगळ्यांत प्रामाणिक वाटते. एक छोटा चमचा जिरे भरते २.१ ग्रॅम. चॉकलेटचा तुकडा त्याच्या जवळजवळ पाचपट जड. तुकड्यात लोह किती? १.२ मिलिग्रॅम. चमच्यात? १.४! पाचव्या हिश्श्याच्या वजनात जास्त लोह, आणि उष्मांक ६० ऐवजी आठ. १०० ग्रॅमचा हिशोब सांगायचा तर चॉकलेटमध्ये ११.९ मिलिग्रॅम लोह, जिऱ्यात ६६.४.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीची लोहाची दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम ठरवली. चमचाभर जिरे तिचा विसावा हिस्सा उचलते. फोडणीतल्या एका चमच्याने विसावा हिस्सा! वनस्पतींतले लोह शरीर थोडेच शोषते हे खरे, म्हणून ताटात लिंबाची फोड हवीच. त्यातल्या क जीवनसत्त्वाने ते अधिक अंगी लागते. पूर्ण २९ मिलिग्रॅम एकाच ठिकाणाहून घ्यायचे ठरवले, तर ४४ ग्रॅम जिरे लागेल, साडेसतरा रुपयांचे. चॉकलेट लागेल २४४ ग्रॅम, ४८७ रुपयांचे, आणि त्याबरोबर साडेचौदाशे किलोकॅलरी पोटात जातील. रुपयाला रुपया लावला तर जिऱ्यातले लोह २८ पट स्वस्त. २०२३ मध्ये जिऱ्याने उच्चांक गाठला होता, भाव क्विंटलला ६०,००० रुपयांच्या वर गेला होता. त्या भावानेही हिशोब करून पाहिला. तरी १८ पट स्वस्त!

आणि आता पुन्हा १४० कोटी. प्रत्येकाच्या ताटात दिवसाला एक चमचा.

२,९४० टन जिरे. वाघिणीत ६० टन मावतात असे धरले तर ४९ वाघिणी, पुढे इंजिन, मागे गार्डाचा डबा: एक पूर्ण मालगाडी, नुसत्या जिऱ्याची, आणि संध्याकाळपर्यंत ती फस्त! २० फूट रुंद आणि ४० फूट खोल विहिरीत हे जिरे ओतले, तर एक विहीर भरेल, दुसरी भरेल, दहा भरतील, आणि विसावी काठोकाठ येईल तेव्हा कुठे संपेल. दाणे मोजले तर ७३,५०० कोटी. ते एकापुढे एक मांडले तर पृथ्वीभोवती ९१ वेढे. वेढे नकोत, सरळ चंद्राकडे जायचे? चार वेळा जाऊन येणे होईल, पाचव्यांदा चंद्र गाठला जाईल आणि परतीची अर्ध्याहून जास्त वाट दाण्यांनी भरलेली असेल. एका दिवसाच्या फोडणीत!

आणि या मालगाडीतले लोह? १,९५२ किलो. जवळजवळ दोन टन लोखंड, रोज, कढईत तडतडते आणि आपल्या पोटात जाते. भारतीय रेल्वेचा रूळ मीटरला ६० किलो भरतो. म्हणजे देश दिवसाला साडेबत्तीस मीटर रूळ खातो! मार्गाला दोन रूळ लागतात, म्हणून सव्वासोळा मीटर मार्ग. वर्षाला सहा किलोमीटरला थोडे कमी. लोकसंख्या आहे तेवढीच धरू आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटापासून रूळ टाकत निघू. पाच वर्षे झाली की दादर, कुर्ला मागे पडून घाटकोपरही ओलांडलेले असेल. नऊ वर्षांत कल्याण जवळ येते. मग कर्जत, मग घाट, मग लोणावळा, आणि तेहतिसाव्या वर्षी, १९२ किलोमीटरचा आख्खा एकेरी मार्ग, २३,००० टन लोखंड, पुण्याच्या फलाटाला टेकते. कच्चे लोखंड नाही, भट्टी नाही. चमचाभर जिरे!

तेवढ्याच वजनाचे चॉकलेट रोज खाल्ले असते तर? दिवसाला पावणेसहा मीटर रूळ. बत्तीस वर्षांनी जेमतेम ठाणे. पुणे गाठायला १८० वर्षे. आज पोहोचायचे असेल तर पहिला घास १६ एप्रिल १८५३ च्याही आधी घ्यायला हवा होता, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटण्याच्या आधी! आणि त्या १८० वर्षांत जिऱ्याने पुण्यापर्यंतचे पाच पूर्ण मार्ग टाकलेले असतील, आणि सहावा कर्जत मागे टाकून बोरघाट चढत असेल.