बग, बिल्ड आणि दिवाळीची सुट्टी

२००८ साली युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ आपल्याकडे घेतला. भुसावळमध्ये त्या बातमीची दखल घ्यायचं काही कारणच नव्हतं. आमच्याकडे नोकरी म्हणजे रेल्वे, ऑर्डनन्स फॅक्टरी, नाहीतर दीपनगरचं वीज केंद्र. इंजिनिअर झालेल्यांनी पुण्याला आयटीत जावं, इतपत मजल. गेम म्हणजे पार्लरमधलं ‘मुस्तफा’, पुढे सायबर कॅफेतलं ‘आयजीआय’ आणि ‘व्हाइस सिटी’. हे कुणीतरी महिन्याच्या पगारावर बनवतं, असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. तेव्हापासून २०२५ पर्यंत पुण्यात हा धंदा कसकसा वळत गेला, ते मला आतून बघायला मिळालं.

मी टेस्टर म्हणून लागले, तेव्हा साध्या मोबाइलचा जमाना होता. नोकियाच्या कित्येक हँडसेटवर गेमची फाइल ६४ केबीच्या आत बसवावी लागे. स्क्रीन कुठे १२८ बाय १२८, कुठे १७६ बाय २०८, कुठे २४० बाय ३२०. गेम मुळात बाहेर ठरलेला असायचा, आपल्याकडे यायचं ते पोर्टिंग. रंग कमी करा, संगीत छाटा आणि तोच गेम एकेका मॉडेलवर चालवून दाखवा. टेस्टरच्या ड्रॉवरमध्ये हँडसेटचा ढीग आणि चार्जरचा गुंता.

“पोरीला दिवसभर गेम खेळायचे पैसे मिळतात म्हणे,” असं कॉलनीतल्या बायका आईला विचारायच्या. त्या खेळण्याचा एक नमुना सांगते. दुसऱ्या लेव्हलमध्ये हिरो उडी मारतोय, नेमका तेव्हाच शेजारच्या फोनवरून कॉल करायचा. कॉल कापायचा, गेम पुन्हा सुरू करायचा. आवाज गेला? मग तेच दहा वेळा. त्यात सात वेळा गेला, तर बग लिहायचा: कुठला हँडसेट, कुठली बिल्ड, म्हणजे गेमची कुठली आवृत्ती, कोणत्या पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं. डेव्हलपर उत्तर देणार, “माझ्याकडे येत नाही.” की मग हँडसेट घेऊन त्याच्या टेबलापाशी उभं राहायचं. बाबा इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये होते, त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. चित्तरंजनला बनलेलं इंजिन भुसावळच्या शेडमध्ये येतं, ड्रायव्हरने लॉगबुकात लिहिलेली तक्रार शोधायची, दुरुस्त करायची आणि चालवून बघितल्याशिवाय सोडायचं नाही. माझं काम त्याच जातीचं होतं. फक्त आमचं इंजिन दिसत नव्हतं.

स्मार्टफोन आले आणि ६४ केबीची कटकट संपली. काम कन्सोलच्या गेमकडे सरकलं आणि त्याबरोबर कॅलेंडरही बदललं. युरोप-अमेरिकेत गेमची सगळ्यात मोठी विक्री नाताळच्या आधी होते. त्यासाठी गेम ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुकानात हवा. त्याआधी सोनी किंवा मायक्रोसॉफ्टच्या तपासणीतून तो पास व्हायला हवा. तिथे नियम बारीक असतात. खेळता खेळता कंट्रोलरची बॅटरी संपली तर गेम थांबला पाहिजे आणि तसा संदेश दिसला पाहिजे. म्हणून आम्ही प्रत्येक स्क्रीनवर कंट्रोलर बंद करून बघायचो: मेनूत, लढाईत, गोष्ट चालू असताना. एका ठिकाणी चुकलं की बिल्ड परत येणार आणि हातचे दिवस जाणार. हा सगळा क्रंच, म्हणजे शेवटच्या तारखेआधीची धावपळ, यायचा गणपती ते दिवाळी. महाराष्ट्र एक्सप्रेसचं वेटिंगचं तिकीट कन्फर्म व्हायचं आणि सुट्टी रद्द व्हायची. भाऊबीज फोनवर उरकायची. ज्या सणासाठी आम्ही राबायचो, तो आमचा नव्हताच.

२०२० चं वर्ष मात्र वेगळं निघालं. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ ऑगस्टमध्ये निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये इतर मशिनवर. राजी ही भावाला शोधायला निघालेली मुलगी. गोष्ट सांगायला छायाबाहुल्या, भिंतींवर पहाडी शैलीची चित्रं. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता आणि स्टुडिओ चालू ठेवायला संस्थापकांपैकी अविचल सिंग यांनी आपला फ्लॅट विकला होता. २०२० च्याच द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमच्या गटात ‘राजी’ला नामांकन मिळालं.

त्याच वर्षी सप्टेंबरात दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. २ तारखेला केंद्र सरकारने ‘पब्जी’वर बंदी घातली. १० तारखेला युबिसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा रीमेक जाहीर केला आणि तो पुणे व मुंबईचे स्टुडिओ बनवत असल्याचं सांगितलं. एवढा मोठा गेम इथे! पण ट्रेलरवर टीका झाली, तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि मे २०२२ मध्ये काम मूळ गेम बनवणाऱ्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. या धंद्यातल्या प्रत्येकाने तो दिवस मनाशी नोंदवून ठेवला. काम कितीही केलं, तरी गेम ज्याचा, शेवटचा शब्द त्याचाच.

पुढची वर्षं चढ-उतारांची गेली. जगभर नोकरकपात झाली. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एकट्या गेमिंग विभागातून १,९०० जणांना कमी करायचं जाहीर केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा बॅटल रॉयल गेम बाजारात आणला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हा भुसावळहून फोन आले: तुझी कंपनी पण बंद का? गेम बनवणं आणि रमीचं अॅप चालवणं यांतला फरक तेव्हा घरोघर सांगावा लागला. तसं ते बरंच झालं.

मागे वळून बघते तेव्हा हिशेब सरळ दिसतो. दुसऱ्यांच्या गेमवर राबून पुण्याने एक गोष्ट पक्की शिकली: हातातलं काम तडीला नेऊन बाहेर काढणं. काय बनवायचं हे ठरवायची सवय मात्र त्या कामातून लागत नाही, ती ‘राजी’सारख्या धाडसातून लागते. भुसावळ-जळगावची इंजिनिअरिंगची मुलं आता मला विचारतात, या लाईनीत यायचं तर कुठला कोर्स करू? मी सांगते, कोर्स कर किंवा नको करूस, गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात पाच मिनिटांचा एक गेम बनव. स्वतः ठरवलेला, पूर्ण झालेला, दुसऱ्याच्या फोनवर न अडखळता चालणारा. अर्धवट दहा गेम घेऊन मुलाखतीला आलास, तर माझा पहिला प्रश्न असेल: यातला एकही पूर्ण का केला नाहीस?