तापलेल्या तेलाची निगा

दूध तापत ठेवले आणि ढवळायचे राहिले, तर ते बुडाला लागते. त्या वेळी वरचे दूध उकळलेलेही नसते! वर तापमापी बुडवली, तरी तिला बुडाशी काय चालले आहे ते कळत नाही. मोठ्या कारखान्यांतही हाच प्रश्न येतो.

नागपूरजवळ बुटीबोरीला पॉलिएस्टर तयार होते. ते वितळते सुमारे 260 अंश सेल्सिअसला. एवढी उष्णता पाण्याने पुरवायची, तर 280 अंशांना पाणी द्रवरूप ठेवण्यासाठी हवेच्या दाबाच्या 60 पटींहून जास्त दाब लागेल. म्हणून अशा उद्योगांत विशिष्ट तेल भट्टीतील नळ्यांत तापवून पंपाने यंत्रांभोवती फिरवतात. तापमान ठरावीक अंशावर पोचले की तापस्थापी भट्टीची आच कमी करतो.

मग काळजी कशाची? तापस्थापी मोजतो वाहत्या तेलाचे तापमान. नळीला चिकटून असलेला पातळ थर मात्र त्याहून अधिक तापलेला असतो. प्रवाह मंदावला की हा थर जाड होतो, तेलाचे रेणू तुटतात आणि नळीत कोळशासारखे कीट धरते. कीट उष्णतेचे मंदवाहक! त्यामुळे नळीचा पत्रा आणखी तापतो आणि शेवटी फुटतो. तेल भट्टीत पडले की आग.

ही आग टाळायची ती रोजच्या नोंदवहीने. गाळणीच्या अलीकडचा व पलीकडचा दाब रोज लिहितात; फरक वाढत चालला, की गाळणी तुंबली असे समजून ती साफ करतात. तापस्थापी दुसऱ्या तापमापीशी ताडून पाहतात. पंपाजवळ तेल झिरपते का, हे तपासतात. ठरावीक काळाने तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्याची आम्लता व दाटपणा मोजतात. तेलात पाणी शिरले असेल, तर 100 अंशांपुढे त्याची सुमारे 1600 पट आकारमानाची वाफ होते. म्हणून सुरुवातीला तेल सावकाश तापवतात. भट्टी विझवल्यावरही पंप चालूच ठेवतात. का, ते तुम्हीच सांगा! भट्टीच्या विटा अजून तापलेल्याच असतात ना?

आता एक गणित. तेलाचा घन-प्रसरणांक दर अंशाला 0.0008 धरा. 1000 लिटर तेल 30 अंशांवरून 280 अंशांपर्यंत तापवले, तर किती फुगेल? उत्तर काढलेत, की या यंत्रणेच्या माथ्यावर एक अर्धवट रिकामी टाकी का ठेवतात, ते लक्षात येईल.