घाटात गाडी का थांबली?

मे महिन्यातील दुपारचा दीड वाजला होता. सोलापूरहून धाराशिवला येताना तुळजापूरच्या अलीकडे जो घाट लागतो, त्याच्या मध्यावर माझी मोटार दोनदा आचके देऊन थांबली. मागच्या बाकावर माझे वडील होते. आदल्या दिवशीच सोलापुरात त्यांच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. डोळ्याला ऊन आणि धूळ लागू देऊ नका, असे डॉक्टरांनी दोनदा बजावले होते. आणि आम्ही उभे होतो ते नेमके उन्हात आणि धुळीत. एस.टी.च्या गर्दीत धक्के नकोत म्हणून मी हौसेने घरची गाडी काढली होती. वडील काही बोलले नाहीत, पण त्यांच्या न बोलण्याचा अर्थ मला कळत होता.

ही गाडी म्हणजे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. तुमच्यापैकी अनेकांनी ती फक्त जुन्या चित्रपटांत पाहिली असेल. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या आराखड्याची ही मोटार तयार होई. १९६४ साली तिचे नाव ‘फियाट ११०० डिलाइट’ होते, १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. तिच्या इंजिनात ना संगणक, ना संवेदक. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि पान्याला सापडतो. भौतिकशास्त्र शिकविणाऱ्याला अशी गाडी म्हणजे चाकांवरची प्रयोगशाळाच. फक्त हा प्रयोग घाटात फसायला नको होता!

त्यापूर्वीच्या उन्हाळ्यातही ती अशीच तीनदा थांबली होती. पहिल्या वेळी मी इग्निशन कॉइल बदलली, कारण तापलेली कॉइल दगा देते असे ऐकले होते. दुसऱ्या वेळी प्लग आणि पॉइंट बदलले. दोन्ही वेळा गाडी पुन्हा सुरू झाली, म्हणून माझे निदान बरोबर, असे मी समजलो. वस्तुतः मी भाग बदलीत असताना अर्धा-पाऊण तास जाई, तेवढ्यात इंजिन निवे आणि गाडी आपोआप सुरू होई. श्रेय मात्र नव्या कॉइलला मिळे. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत असली चूक मी लाल शाईने दाखवतो.

त्या दिवशी मात्र सुटे भाग जवळ नव्हते, त्यामुळे विचार करणे भाग पडले. पेट्रोलचे इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि योग्य क्षणी ठिणगी. हवा तर होतीच, भट्टीसारखी. ठिणगी तपासली, ती निळी आणि खणखणीत होती. (ही तपासणी तुम्ही करू नका. प्लगच्या वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात.) मग कार्बुरेटरवरील हवेची गाळणी काढली आणि आत पाहत ॲक्सिलरेटरची कळ हाताने दाबली. एरवी अशा वेळी आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडते. ती उडाली नाही. कार्बुरेटर कोरडा होता. टाकीत मात्र पेट्रोल निम्म्याच्या वर होते. म्हणजे पेट्रोल वाटेतच कोठेतरी अडले होते.

इतक्यात घाट चढणारा एक मालट्रक शेजारी थांबला. चालकाने खाली उतरून एकवार इंजिनात पाहिले, पेट्रोल पंपाला बोट लावून पटकन मागे घेतले आणि म्हणाला, “सर, गाडीला ताप आलाय. कपाळावर पट्टी ठेवा.” वडिलांनी गळ्यातला पंचा काढून दिला. तो भिजवून आम्ही पंपाभोवती आणि त्याच्या नळीभोवती गुंडाळला, अधूनमधून तांब्यातले पाणी त्यावर शिंपडले. दहा मिनिटांत गाडी सुरू झाली आणि पंच्यासकट तुळजापूरला पोहोचली.

आता या उपचारामागचे शास्त्र पाहू. त्यासाठी एक सोपा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. सुई नसलेली प्लॅस्टिकची पिचकारी, म्हणजे सिरिंज, घ्या. तिच्यात साधारण ६० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी पाव भाग भरा, हवा बाहेर काढा आणि टोक रबरी बुचाने घट्ट बंद करा. आता दट्ट्या जोराने मागे ओढा. पाण्यात भराभर बुडबुडे उठतील. पाणी ६० अंशांना उकळू लागले! द्रवाचा बाष्पदाब त्याच्यावरील दाबाइतका झाला की तो उकळतो, हे तुम्ही पुस्तकात वाचले आहे. दट्ट्या ओढून तुम्ही वरचा दाब कमी केलात, म्हणून उत्कलनबिंदू खाली आला.

पद्मिनीचा पेट्रोल पंप नेमके हेच करतो. टाकी गाडीच्या मागच्या भागात आणि पंप पुढे, इंजिनाला चिकटून बसवलेला. पंपात एक लवचीक पडदा असतो. इंजिन फिरते तसा तो खालीवर होतो आणि मागून पेट्रोल खेचून घेतो. खेचणे म्हणजेच नळीतील दाब कमी करणे. भरीस भर म्हणजे पेट्रोल हा एकच एक पदार्थ नव्हे, ते शेकडो घटकांचे मिश्रण आहे. त्यातील पेंटेन तर ३६ अंशांनाच उकळते, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यातील सावलीच्या तापमानापेक्षाही कमी तापमानाला. बॉनेटखाली पंप ६०-७० अंशांपर्यंत तापला, तर नळीत पेट्रोलऐवजी त्याची वाफच भरते. पडदा खालीवर होतच राहतो, पण वाफ दबते आणि पुन्हा फुगते, जागची हलत नाही. आपल्या गावचा हापसा आत हवा शिरल्यावर नुसताच खडखडतो ना, तसेच हे. याला बाष्परोध म्हणता येईल; गॅरेजमध्ये ‘व्हेपर लॉक’ हा शब्द चालतो.

मग ओल्या पंच्याने असे काय केले? त्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता शोषली जाते. पंपाचा धातू अर्धा किलो धरा आणि एक ग्रॅम धातू एक अंशाने निवायला ०.४ ज्यूल जावे लागतात असे माना. पंप २५ अंशांनी थंड करायचा तर ५००० ज्यूल उष्णता काढावी लागेल, म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम पाणी पुरे! प्रत्यक्षात इंजिनाकडून उष्णता येतच राहते, कापड भोवतालच्या हवेकडूनही ती घेते, म्हणून आम्हाला तांब्याभर पाणी लागले. पण हिशेबाचा रोख तुमच्या ध्यानात आला असेल. शिवाय आपली हवा कोरडी. तापमान ४१ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर वाऱ्यावर टांगलेले ओले कापड २३ अंशांच्या आसपास उतरते. माठातील पाणी गार राहते ते याच कारणाने. मुंबईच्या दमट हवेत हीच पट्टी बरीच कमी उपयोगी पडते. अमेरिकेत एके काळी लोक पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावीत. त्याने काय साधत असेल हे मला अजून उमगलेले नाही. लाकूड उष्णता अडवील एक वेळ, पण नळी थंड कशी करील?

पट्टीने ताप उतरतो, दुखणे जात नाही. घरी आल्यावर मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील उष्मायुग्माचा तापमापक पंपाला बांधला आणि येडशीपर्यंत जाऊन आलो. गाडी वेगात असताना पंप ५४ अंशांवर होता. आश्चर्य पुढेच आहे : घरी येऊन इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांत तो ७१ अंशांवर चढला! कारण उघड आहे. इंजिन चालू असते तेव्हा पंख्याची हवा आणि रेडिएटरचे पाणी उष्णता वाहून नेत असतात, थंड पेट्रोलही वाहत असते. इंजिन बंद होताच हे सारे थांबते आणि तापलेल्या लोखंडातील उष्णता शेजारच्या भागांत पसरत राहते. घाटाच्या पायथ्याशी चहासाठी आम्ही पंधरा मिनिटे थांबलो होतो, हे मला तेव्हा आठवले.

दुसरी गोष्ट नुसत्या डोळ्यांनीच सापडली. पूर्वी कोणीतरी पेट्रोलची रबरी नळी बदलताना ती वीतभर लांब ठेवली होती. तो जादा वेढा खाली लोंबून इंजिनाला टेकला होता. दोन वर्षे मी कॉइल आणि प्लगवर पैसे घालवीत होतो, आणि दोष होता वीतभर नळीत! ती नळी काढून वाकवली तेव्हा तिच्यावर बारीक भेगा दिसल्या. हे मात्र बाष्परोधाहून गंभीर होते. बाष्परोधाने गाडी थांबते, भेगेतून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर गाडी पेटते.

भेगांना वय कारण होतेच, पण आणखीही एक कारण संभवते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल असते. देशाने हे उद्दिष्ट २०२५ साली गाठले. आपल्याला हा पदार्थ परका नाही, आपल्या जिल्ह्यातील उसाचाही त्यात वाटा आहे. जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि गॅस्केट मात्र एथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनविलेल्या नव्हत्या. त्याच्या सहवासात काही प्रकारचे रबर फुगते, पुढे कडक होऊन तडकते.

आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी एथेनॉलचे प्रमाण मोजूनही दाखविले. मोजपात्रात ९० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घेऊन हलविले आणि स्थिर होऊ दिले. पेट्रोलमधील एथेनॉल पाण्याकडे गेले आणि तळाचा थर १० ऐवजी सुमारे २८ मिलिलिटर झाला. वाढलेले १८ मिलिलिटर म्हणजे ९० चे २० टक्के. (शिक्षकांनी हा प्रयोग जवळपास ज्योत नसताना, खिडक्या उघड्या ठेवून स्वतःच करावा, विद्यार्थ्यांच्या हाती पेट्रोल देऊ नये.)

एथेनॉलची एक गंमत पाहा. ते एकटे असताना ७८ अंशांना उकळते, कारण त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. पेट्रोलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळले की ते विखुरतात, हात सुटतात, आणि त्यांना निसटणे सोपे जाते. त्यामुळे एथेनॉल मिसळल्यावर मिश्रणाचा बाष्पदाब कमी न होता वाढतो. शुद्धीकरण कारखान्यात मूळ पेट्रोल त्या हिशेबानेच बेतावे लागते.

आणखी एक हिशेब कार्बुरेटरचा. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, एथेनॉलला ९ ग्रॅम पुरते. २० टक्के मिश्रणाला १३.५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेत आता जवळजवळ ९ टक्के अधिक इंधन जायला हवे. नव्या गाड्यांत धुरातील ऑक्सिजन मोजणारा संवेदक ही दुरुस्ती क्षणोक्षणी करतो. माझ्या कार्बुरेटरला पेट्रोल बदलले हे कळायला मार्गच नाही. त्याचे मिश्रण विरळ झाले होते आणि प्लगची चिनी माती पांढरीफटक पडली होती. कार्बुरेटरच्या मुख्य जेटवर जो आकडा असतो तो भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. १२० चे जेट काढून १२५ चे बसविले तर व्यास फक्त ४ टक्के वाढतो, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करून पाहा : ८.५ टक्के! एवढा बदल केल्यावर महिन्याभरात प्लग तपकिरी दिसू लागले. हाच रंग मला हवा होता.

नळ्या सगळ्याच बदलल्या. एथेनॉलला टिकणाऱ्या आणि मापाने अचूक कापलेल्या. पंप आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा आडवा बसविला, प्रारित उष्णता परतविण्यासाठी. एथेनॉलमुळे टाकीतील जुना गाळ सुटतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात पेट्रोलची गाळणी दोनदा बदलावी लागली. सर्वांत मोठा बदल म्हणजे इंजिनावरचा पंप काढून टाकीजवळ विजेचा पंप बसविला. आता पेट्रोल खेचले जात नाही, ढकलले जाते. नळीतील दाब वातावरणाहून थोडा अधिक राहतो आणि उत्कलनबिंदू वर सरकतो. सिरिंजचा प्रयोग उलटा केल्यासारखे. मात्र हा पंप कमी दाबाचाच हवा. नव्या गाड्यांचा जोरदार पंप लावला तर कार्बुरेटरमधील तरंगत्या गोळ्याची सुई त्याला अडवू शकत नाही आणि पेट्रोल बाहेर वाहते. शिवाय अपघातात इंजिन बंद पडले तरी विजेचा पंप पेट्रोल ओतीतच राहील. म्हणून त्याचा प्रवाह इंजिनाच्या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्विचमधून नेला आहे : इंजिन थांबले, तेलाचा दाब गेला की पंप बंद. ही जोडणी मी एका जाणत्या वायरमनसमोर बसून केली. ते काम एकट्याने करण्याचे धाडस मला झाले नाही.

पुढच्या मे महिन्यात वडिलांच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. परतताना त्याच घाटाच्या पायथ्याशी मुद्दाम पंधरा मिनिटे गाडी उभी केली, इंजिन बंद करून. मग चढायला घेतली. तापमापक माझ्या शेजारी, पंचा वडिलांच्या मांडीवर, पाण्याने भिजवून तयार. तुळजापूर आले तेव्हा तो वाळून गेला होता. त्यांनी तो झटकून घडी केली आणि गळ्यात घातला.