इतिहासाच्या पाठात वृत्तांताची पारख

शाळाभेटीच्या निमित्ताने एकदा सातवीच्या वर्गात बसण्याचा योग आला. जालियनवाला बागेचा पाठ चालू होता. पुस्तकात मृतांचा आकडा एक होता व भिंतीवरील तक्त्यावर दुसरा. एका मुलीने उभे राहून विचारले, "गुरुजी, परीक्षेत ३७९ लिहायचे की १०००?" गुरुजींनी पुस्तकातील आकडा लिहावयास सांगून पाठ पुढे नेला. वेळेचे बंधन आपणां सर्वांसच आहे. परंतु त्या तासातील सर्वांत मोलाचा प्रश्न तसाच राहून गेला. अशा प्रश्नाचे समाधान कसे करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ मुलांच्या अनुभवापासून करावा. गावच्या जत्रेतील एखाद्या कुस्तीची हकीकत वरच्या आळीतील व खालच्या आळीतील मुलांना पाच-पाच ओळींत निरनिराळी लिहावयास सांगावी. एक लिहील, "आमच्या मल्लाने त्यास चीतपट केले." दुसरा लिहील, "पंचांनी घाई केली." दोघांनीही कुस्ती डोळ्यांनी पाहिलेली असते आणि कोणी मुद्दाम खोटे लिहीत असेल असेही नाही. तरीही शब्दांची निवड वेगळी होते व गैरसोयीचा भाग गाळला जातो. पक्षपात म्हणजे काय, हे येथे व्याख्येवाचून समजते.

मग मूळ पाठाकडे वळावे. १३ एप्रिल १९१९ रोजी, बैसाखीच्या दिवशी, अमृतसर येथील जालियनवाला बागेत जमलेल्या लोकांवर जनरल डायर याने पूर्वसूचना न देता गोळीबार करविला. तो सुमारे १० मिनिटे चालला व १६५० फैरी झाडण्यात आल्या. याविषयी वाद नाही. वाद आहे तो मृतांच्या संख्येविषयी. सरकारने नेमलेल्या हंटर समितीने ती ३७९ दिली. काँग्रेसच्या चौकशी समितीने सुमारे १००० मानली. या दुसऱ्या समितीत महात्मा गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी व मुंबईचे बॅ. मुकुंदराव जयकर हे होते.

येथे मुलांना विचारावे: आकडा आला कोठून? मृतांची नावे कळवावीत असे सरकारने लोकांस सांगितले, ते घटनेनंतर तीन महिन्यांनी. पंजाबात नुकताच लष्करी कायदा होऊन गेला होता. नाव कळविले तर आपणही सभेस होतो असे ठरेल, ही भीती अनेकांस होती. बाहेरगावाहून आलेल्या कित्येकांची नावे सांगणारे शहरात कोणी नव्हते. म्हणजे ३७९ ही ज्यांची नावे मिळाली त्यांची संख्या होय, मेलेल्या सर्वांची नव्हे. मात्र हीच कसोटी आपणांस प्रिय असलेल्या आकड्यासही लावली पाहिजे. १००० हा अंदाज आहे, नावांची यादी नव्हे. जो शिक्षक एकाच बाजूची परीक्षा घेतो, तो पारख न शिकविता बाजू शिकवितो.

वृत्तपत्रांचेही असेच आहे. लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट' पत्राने डायरसाठी निधी उभारला. २६,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली. यावरून मुले चटकन म्हणतील, "इंग्रज सगळे तसलेच." त्यांस 'बाँबे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव सांगावे. ते इंग्रजच होते. परंतु सरकारवरील परखड टीकेमुळे त्यांस एप्रिल १९१९ मध्येच हिंदुस्थानाबाहेर घालविण्यात आले. मुंबईतील हॉर्निमन सर्कल त्यांच्याच नावाचे. १९२० साली ब्रिटिश लोकसभेने डायरविरुद्ध कौल दिला, तर उमरावांच्या सभेने १२९ विरुद्ध ८६ मतांनी त्याची बाजू घेतली. लिहिणाऱ्याची जात वा देश पाहून वृत्तांत खरा-खोटा ठरत नाही. पुरावा पाहूनच ठरतो.

फळ्यावर चार प्रश्न कायमचे लिहून ठेवावेत:

१. हे कोण सांगतो व त्यास ते कसे कळले?
२. त्याने कोणते शब्द निवडले? 'जमाव' की 'सभा'? 'बंदोबस्त' की 'कत्तल'?
३. काय गाळले आहे?
४. दुसऱ्या कोणत्या पुराव्याशी हे जुळते?

येथे दोन चुका संभवतात. पहिली, दोन आकड्यांची सरासरी काढून मध्यावर सत्य आहे असे मानणे. सत्य हे काही बाजारातील घासाघीस नव्हे. दुसरी चूक अधिक घातक. ती म्हणजे 'सगळेच खोटे बोलतात' असे म्हणून मोकळे होणे. ज्या मुलास सर्वच खोटे वाटते, तो पुढे आपल्या मनाजोगते सांगणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवतो. आज घरोघरी मोबाइलवर इतिहासाच्या नावाने रोज काही ना काही येते, आणि त्यावरून एकाच गावातील माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. तेथे आपण जवळ असणार नाही. मुलाजवळ असतील ते हे चार प्रश्नच.

त्या मुलीस उत्तर द्यावयाचे झाल्यास असे द्यावे: "बाळ, दोन्ही आकडे लिही आणि प्रत्येकापुढे तो कोणी व कसा मोजला तेही लिही." परीक्षकानेही अशा उत्तरास पूर्ण गुण द्यावेत.