सही अजून राज्यसंस्थेचीच : गैरसमज आणि वस्तुस्थिती

७ डिसेंबर २०२३ रोजी दिल्लीत विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली आणि दुसऱ्या दिवसापासून देशातून कांद्याची निर्यात थांबली. लासलगावात भाव कोसळले, नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, आणि तिकडे ढाक्याच्या बाजारात कांदा महागला. तरीही आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे : जग आता बाजारपेठा, बड्या कंपन्या आणि आंतरराष्ट्रीय संस्था चालवतात, देशोदेशीची सरकारे नावापुरती उरली आहेत. राज्यशास्त्र ज्याला राज्यसंस्था म्हणते, ती १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ कराराने चार कसोट्यांवर ओळखली : कायमची लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. ही संस्था आज अनेक दडपणांखाली आहे, हे खरे. पण तिच्यावर दडपण आणणाऱ्या जवळजवळ सगळ्या शक्ती शेवटी कुठल्या ना कुठल्या राज्याच्या सहीनेच चालतात. हे विसरले की जागतिक राजकारणाचे चित्रच चुकते.

गैरसमज : जागतिकीकरणामुळे राज्यसंस्था कालबाह्य झाली.

वस्तुस्थिती : हे भाकीत जुनेच आहे. जपानी व्यवस्थापनतज्ज्ञ केनिची ओहमाए यांनी १९९५ मध्ये राष्ट्र-राज्याचा अंत सांगणारे पुस्तकच लिहिले होते. त्याच वर्षी जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. या संघटनेचा जन्म बाजाराच्या पोटी झालेला नव्हता. सरकारांनी वर्षानुवर्षे घासाघीस करून केलेल्या करारांतून ती उभी राहिली. खुला बाजार राज्यांनी खुला केला, म्हणून खुला झाला. तो अडवणेही त्यांच्याच हाती आहे : या संघटनेच्या अपील मंडळावर नवे सदस्य नेमायला अमेरिकेने संमती दिली नाही आणि डिसेंबर २०१९ पासून ते मंडळ ठप्प आहे. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली, तेव्हा वित्तबाजार स्वतःला सावरू शकला नाही. अमेरिकी काँग्रेसला ७०० अब्ज डॉलरची योजना मंजूर करावी लागली. शिवाय ज्या संस्थेचे दिवस भरले आहेत, तिच्यासाठी कोणी दशकानुदशके लढत नाही. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे ५१ सदस्य होते. २०११ मध्ये प्रदीर्घ यादवीतून बाहेर पडलेला दक्षिण सुदान १९३ वा सदस्य झाला.

गैरसमज : बड्या कंपन्या आता देशांपेक्षा मोठ्या झाल्या आहेत.

वस्तुस्थिती : ही तुलना बहुधा कंपनीचे बाजारमूल्य आणि देशाचे सकल उत्पादन शेजारी ठेवून केली जाते. एकाच्या वाड्याची किंमत आणि दुसऱ्याची वर्षाची कमाई यांची ही तुलना आहे. तिच्यातून कोण श्रीमंत हे ठरत नाही. आणि पैसा म्हणजे अधिकार नव्हे. संगणकाच्या सर्वांत प्रगत चिप बनवण्यासाठी लागणारी अत्यंत लघु तरंगलांबीच्या अतिनील किरणांची (ईयूव्ही) यंत्रे जगात एकटी एएसएमएल ही नेदरलँड्समधील कंपनी बनवते. तिची अशी मक्तेदारी आहे आणि चीनसारखे मोठे गिऱ्हाईक दारात उभे आहे. तरी ही यंत्रे तिला चीनला विकता येत नाहीत, कारण डच सरकार परवाना देत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये अँट ग्रुप या चिनी वित्त-तंत्रज्ञान कंपनीची समभागविक्री जगातली सर्वांत मोठी ठरणार होती. नोंदणीला दोन दिवस उरले असताना चिनी नियामकांच्या कारवाईमुळे ती थांबली. कंपन्या सरकारांवर दबाव आणतात, कर चुकवण्याच्या वाटा शोधतात, कायदे आपल्याकडे वळवून घेतात, हा आक्षेप रास्तच आहे. पण त्या वाटा बहुतेक वेळा कुठल्या तरी राज्याच्या कायद्यानेच मोकळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या बुजवायच्या तर कायद्यानेच बुजवाव्या लागतात.

गैरसमज : संयुक्त राष्ट्रे म्हणजे जागतिक सरकार.

वस्तुस्थिती : संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचे सैन्य नाही, निळ्या शिरस्त्राणांतले शांतिसैनिक सदस्य देश पाठवतात. कर लावण्याचा अधिकार नाही. सदस्यांच्या वर्गणीवर कारभार चालतो. सुरक्षा परिषदेतील पाचांपैकी एका कायम सदस्याने नकाराधिकार वापरला की ठराव पडतो. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या मर्यादा पुण्याइतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच दिसल्या असतील. कोविडची लस गरीब देशांना मिळावी म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांनी कोव्हॅक्स योजना आखली. तिची सुरुवातीची मोठी भिस्त पुण्याजवळच्या मांजरीतील सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या कोविशिल्ड लसीवर होती. मार्च २०२१ मध्ये देशात दुसरी लाट उसळली, भारत सरकारने निर्यात आवरती घेतली आणि आफ्रिकेतील अनेक देशांची लस रखडली. कोव्हॅक्सला पुरवठा पुन्हा सुरू झाला तो नोव्हेंबरमध्ये. आपल्या नागरिकांचे प्राण आधी वाचवणे हे त्या सरकारचे कर्तव्यच होते. लसीची योजना जागतिक होती, पण कुपी देशाबाहेर पाठवायची की नाही याचा निर्णय एका राज्याच्या हाती होता.

गैरसमज : करार केला किंवा कर्ज घेतले की सार्वभौमत्व संपते.

वस्तुस्थिती : सर्वांत वजनदार आक्षेप इथेच येतो. ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ग्रीसच्या ६१ टक्के मतदारांनी धनकोंच्या अटी नाकारल्या, तरी सरकारला आठवडाभरात कठोर अटी मान्य कराव्या लागल्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतील महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक आहेत, त्यामुळे तिच्याविना ते होऊच शकत नाहीत. म्हणजे दुर्बळ राज्यांना वाकावे लागते, यात शंका नाही. पण ती वाकतात ती बलवान राज्यांपुढे. यातून राज्याराज्यांतली विषमता सिद्ध होते, राज्यसंस्थेचा अंत नव्हे. आणि अडचणीतही निवडीला जागा उरते. १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण गेले, इतकी भारताची कोंडी झाली होती. तरीही त्यानंतर भारताने भांडवली खात्यावर रुपया पूर्ण परिवर्तनीय केला नाही, आणि १९९७ च्या आशियाई संकटात ही सावधगिरी उपयोगी पडली. करारातून बाहेर पडण्याचा हक्कही राज्याकडेच असतो : ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडला, तो संघाच्याच करारातील कलम ५० वापरून. त्याची किंमत मोजावी लागली, हा भाग वेगळा.

राज्यसंस्था सर्वशक्तिमान आहे, असे यातून मुळीच ठरत नाही. तापणारे हवामान किंवा साथीचा विषाणू एकट्या देशाला रोखता येणार नाही. त्यासाठी सहकार्यच लागेल आणि ते राज्यांनाच करावे लागेल. म्हणून 'जागतिक बाजारापुढे आमचे काय चालणार' असे एखादे सरकार म्हणते, तेव्हा ते मुकाट्याने मान्य करू नये. कांद्याची निर्यातबंदी ४ मे २०२४ रोजी उठली. नाशिकमध्ये लोकसभेचे मतदान २० मे रोजी होते. बाजाराला कुणापुढे मते मागायला जावे लागत नाही. सरकारला जावे लागते, आणि नागरिकाचा जगाच्या कारभाराशी असलेला सर्वांत बळकट दुवा हाच आहे.